सरपंच नसलेलं गाव

माझ्या माहेरच्या गावाला सरपंच आहे, सासरच्या गावाला नाही. माहेर उदगीर तालुक्यात, सासर औराद तालुक्यात. मोटारसायकलवर जेमतेम तासाभराची वाट, पण मधे महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द पडते. ही हद्द तशी अलीकडची. हैदराबाद राज्यात हा सगळा मुलूख, उदगीर-निलंग्यापासून भालकी-औरादपर्यंत, एकाच बिदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर मुंबई राज्यात गेलं आणि औराद म्हैसूर राज्यात. माझ्या आजेसासूबाईही उदगीरकडच्याच. त्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात नांदायला आल्या, मी परराज्यात आले.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नळ कोरडा पडला. मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, सरपंचाला सांगा की." मामा हसले. "इथं कुठला सरपंच माय! अध्यक्ष असतो. आन् तो बी पल्याडच्या गावचा."

हे मला समजायला बरीच वर्षं लागली, आणि महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना अजून समजत नाही. महाराष्ट्रात हजार-पंधराशे वस्तीच्या गावालाही स्वतःची ग्रामपंचायत असू शकते, आणि आता तर सरपंच थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो. कर्नाटकात १९९३ च्या पंचायत राज कायद्यानं ग्रामपंचायत साधारण पाच ते सात हजार लोकवस्तीची केली. साधारण चारशे लोकांमागे एक सदस्य. सदस्य आपसांत अध्यक्ष निवडतात. कचेरी चालवायला पंचायत विकास अधिकारी, ज्याला सगळे पीडीओ म्हणतात. आमच्या पंचायतीत चार गावं आणि दोन तांडे आहेत. सदस्य सोळा, त्यांतले आमच्या गावाचे चार. कचेरी आमच्या गावात नाही. अध्यक्षपद आरक्षणाप्रमाणे फिरतं, आणि ते ज्या गावात असेल त्या गावाचे दिवे आधी लागतात. यात अध्यक्षाचा फार दोष मी धरत नाही. सकाळी दार उघडलं की ज्यांची तोंडं दिसतात त्यांचंच काम माणूस आधी करतो.

त्याच्याही आधी इथं मंडल पंचायती होत्या. १९८३ चा कायदा, १९८७ च्या निवडणुका, रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री आणि अब्दुल नझीर साब ग्रामविकासमंत्री. नझीर साबांनी गावोगावी इतक्या बोअर मारल्या की लोक त्यांना 'नीरसाब' म्हणायला लागले. नीर म्हणजे पाणी. आमच्या पारासमोरचा हापसा त्याच काळातला असं मामा सांगायचे. त्याचा दांडा कितीदा बदलला, पण पाणी अजून येतं.

मग निव्वळ गावाचं, चार-सहा वस्त्यांत न वाटलेलं असं काय उरतं? मारुतीचं देऊळ, पार, शाळा, स्मशान. आणि मंडळ. मला हे मंडळ पंचायतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. गाव पंचायतीत सोळातले चार होऊन बसतं. मंडळात ते अख्खं असतं. पंचायतीकडे पैसा आणि शिक्का आहे, मंडळाकडे दोन्ही नाही. पण कुणाच्या दारात गटार तुंबलंय, हे पंचायतीला कळायच्या आधी मंडळाला कळतं, आणि ते सहा महिने न विसरणं हे मंडळाचं काम आहे.

मंडळ मुळात गणपतीचं. दरवर्षी वर्गणीतून जे उरायचं त्यातून नवा भोंगा नाहीतर जास्तीच्या माळा यायच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात ते बदललं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. मांजरा नदी लातूरकडून वाहत आमच्याच जिल्ह्यात येते. वर धनेगावच्या धरणात काही नाही म्हटल्यावर खाली आमच्याकडे काय असणार? बोअरी आटल्या. तेव्हा पोरांनी ठरवलं, गणपतीच्या शिल्लक पैशांतून जुनी बारव उपसायची.

म्हाताऱ्यांनी विरोध केला. "त्या पाण्यात नारू हाय," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या पोटरीवर नारूचा व्रण होता. पायऱ्यांच्या बारवेत माणसं पाय बुडवून पाणी भरायची. ज्याच्या पायात नारू असे त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात उतरायच्या, बारीक जलकीटक त्या गिळायचे, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभरानं हातभर लांब जंत तयार व्हायचा. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एवढं सांगूनही आत्यांना पटलं नाही. शेवटी बारवेच्या तोंडावर जाळी बसवली, पायऱ्या बंद केल्या, मोटर सोडून पाणी वर घेतलं. तेव्हा कुठं आत्यांनी त्या पाण्यानं भांडी घासली. प्याल्या मात्र नाहीत.

बायका मंडळात आल्या त्या त्यानंतर. आमच्या जिल्ह्यात बचत गटांची सवय जुनी आहे. बिदरच्या जिल्हा सहकारी बँकेनं १९९० च्या दशकातच गटांना कर्ज द्यायला सुरुवात केली होती. त्या बँकेचं नाव ज्यांच्यामुळे झालं ते गुरुपादप्पा नागमारपल्ली औराद तालुक्यातलेच. त्यामुळे दर आठवड्याला बसायचं, हजेरी घ्यायची, बोललेलं लिहून काढायचं आणि खाली सह्या-अंगठे घ्यायचे, हे आमच्या गल्लीतल्या बायकांना नवं नाही. आमच्या गटाची वही मी लिहिते. पुरुषांचं मंडळ मात्र गणपती ते गणपती. त्यांच्याकडे पैसे होते, भोंगा होता, ओळखी होत्या. आमच्याकडे वही होती. दोन्ही एकत्र आलं आणि मंडळाची नोंदणीही झाली, कर्नाटकाच्या १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली. नोंदणीला एक पुरुष अध्यक्ष, एक पुरुष खजिनदार आणि सेक्रेटरी म्हणून बिदरला बी.कॉम. झालेली एक मुलगी. ती शाळेपासून कन्नड माध्यमात शिकलेली. हे तिचं खरं क्वालिफिकेशन.

कारण इथला सगळा कागद कन्नडमध्ये. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड-दखनी सरमिसळ, तांड्यावर लमाणी, पूर्वेच्या अंगाला तेलुगू. पण ग्रामसभेची नोटीस कन्नडमध्येच लागते. पन्नाशीपुढच्या आम्ही बायका ती नोटीस नुसती बघत उभ्या राहायचो. आता नोटीस लागली की सेक्रेटरी तिचा फोटो काढते, मराठीत बोलून सांगते आणि ते रेकॉर्डिंग गावाच्या ग्रुपवर टाकते. अर्धं गाव सभेला आलं नाही तरी कशाची सभा आहे एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे मी मराठीत अर्ज दिला तर तो घ्यावाच लागेल. आम्ही एकदा दिलाही. तो घेतला गेला, फाइलीत लागला आणि तिथंच राहिला, कारण टेबलावरच्या माणसाला तो वाचता येत नव्हता. तेव्हापासून अर्ज कन्नडमध्ये आणि मागच्या बाजूला तोच मराठीत, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळतं. पुण्या-मुंबईहून कुणी आलं की पहिला प्रश्न सीमाप्रश्नाचा विचारतात. ८६५ गावं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं आमच्याही कानावर आहे. मलाही त्यावर मत आहे. नळाच्या अर्जात मी ते लिहीत नाही.

आता नळाचीच गोष्ट सांगते, कारण मंडळ काय करतं ते तिच्यातून नीट कळेल.

जलजीवन योजना १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाला, असं तिचं बोलणं. त्या योजनेत एक चांगली सोय आहे, तिची चर्चा कमी होते: गावागणिक पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं आणि किट द्यायचं. आमच्या पाच जणींत मी एक. किटमध्ये थेंबांच्या बाटल्या आणि रंगांचा तक्ता असतो. फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन, कडकपणा. थेंब टाकायचे, हलवायचं, पाण्याचा रंग तक्त्याशी ताडून बघायचा. जंतूंसाठी वेगळी छोटी बाटली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून, बूच घट्ट लावून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. रंग काळा झाला तर पाणी घाणेरडं. मी ती बाटली चुलीच्या वरच्या फडताळात ठेवते, तिथं ऊब बरोबर मिळते.

एका पावसाळ्यात खालच्या गल्लीतली लेकरं एकामागून एक हगवणीनं आजारी पडत होती. आशाताई ओआरएसची पाकिटं वाटून थकल्या. मंडळाच्या बैठकीत कुणी म्हणालं सोयाबीनवरच्या फवारणीमुळे, कुणी म्हणालं आठवडी बाजारातल्या भज्यांमुळे. मी तीन ठिकाणचं पाणी भरून आणलं: टाकीखालच्या नळाचं, मधल्या गल्लीचं आणि खालच्या गल्लीच्या शेवटच्या नळाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फडताळ उघडलं. दोन बाटल्या जशाच्या तशा, तिसरी चिमणीच्या काचेवरच्या काजळीसारखी काळीकुट्ट. मी ती तशीच पदराखाली घेऊन पारावर गेले आणि ठेवली. भज्यांवरची चर्चा बंद झाली.

टाकीतलं पाणी चांगलं आणि शेवटचं काळं, म्हणजे घाण मधे कुठेतरी शिरते. हे कसं होतं ते फिटरनं समजावलं. आमच्याकडे पाणी दिवसाआड तासभर येतं. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, तेव्हा चिरेतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच चिरेतून बाहेरचं आत ओढून घेतो. बाहेर गटार असेल तर गटार आत येतं. पुढच्या वेळी नळ सोडला की पहिली घागर त्याच पाण्याची. त्यात खालच्या गल्लीत दाब कमी म्हणून लोकांनी नळ जमिनीखाली खड्ड्यात घेतलेले. त्या खड्ड्यात पावसाचं, धुण्याचं पाणी साचतं आणि नळाचं तोंड त्यात बुडतं. काहींनी तर थेट नळालाच मोटर लावलेली. ती चालू झाली की गल्लीभरच्या पाइपातून जे मिळेल ते ओढून घेते.

पाइप कुठं गटाराखालून जातो ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. जुन्या योजनेचा नकाशा पंचायतीत मिळेना. शेवटी गावातला एक म्हातारा गवंडी आठवला, त्यानं तेव्हा चर खणायला रोजंदारी केली होती. तो काठी टेकत आला आणि एका घरापुढं थांबला. "हितून आडवा गेलाय." त्या घरापुढं नवी कोरी शहाबादी फरशी. मालकीणबाई दारात उभ्या. "खांदायचं नाव काढू नका. लेकीच्या लग्नात टाकलाय फरशा." त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. सरकारी कामासाठी एकदा उकरलेलं कुणी पुन्हा नीट करून दिल्याचं आमच्या गावानं बघितलेलं नाही.

तिथं मंडळ कामाला आलं. खजिनदारानं सगळ्यांसमोर वहीत लिहिलं, फरशी मंडळाच्या पैशातून पुन्हा बसवून देऊ, आणि खाली सही केली. मालकीणबाईंनी ती ओळ लेकाकडून वाचून घेतली, मग बाजूला झाल्या. पीडीओकडे अर्ज गेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: फिटर एक आणि वस्त्या सहा, चर खणायला माणसं नाहीत. आम्ही म्हटलं चर आम्ही खणतो, पाइप आणि फिटर तुम्ही द्या. सकाळी आठला सुरू केलं, दुपारपर्यंत पाइप उघडा पडला. जुन्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावरून गटार वाहत होतं.

पाइप बदलला. आठवड्यानं मी पुन्हा बाटल्या भरल्या. शेवटची पुन्हा काळी. आधीइतकी नाही, पण काळीच.

गावात लगेच सुरू झालं, उगाच फरशी फोडली. मग क्लोरीनची तपासणी केली. टाकीजवळ ठीक, शेवटच्या नळाला शून्य. नियम असा की शेवटच्या टोकालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला पाहिजे, म्हणजे वाटेत काही शिरलं तरी मरतं. ब्लीचिंग पावडरचं पोतं वर्षभरापूर्वीचं, तोंड उघडं, टाकीच्या खोलीत दमट जागी. अशा पावडरीतला क्लोरीन उडून जातो, उरतो नुसता चुना. नवं पोतं आलं, ते डब्यात बंद करून ठेवायची जबाबदारी पाणी सोडणाऱ्यावर टाकली, खड्ड्यातले नळ वर घ्यायला लावले. मोटरी मात्र काढता आल्या नाहीत. त्या काढायचा ठराव वहीत आहे आणि ठरावावर सही करणाऱ्यांतल्या दोघांच्या घरात मोटर आहे. बाटली जशीच्या तशी राहायला लागली. ती अजून दर महिन्याला मी भरते.

या सगळ्यात श्रमदान फक्त अर्ध्या दिवसाचं होतं. बाकी होतं विचारणं, लिहिणं, पुन्हा जाणं. महाराष्ट्रातल्या आदर्श गावांच्या बातम्या येतात तेव्हा फोटो कुदळ-फावड्यांचे असतात. हिवरे बाजार असो की दुसरं कुठलं, तिथंही कुदळ उचलण्याआधी आणि नंतर पुष्कळ बैठका झाल्या असणार. त्यांचे फोटो कुणी काढत नाही, आणि काढले तरी छापणार कोण?

मंडळ दुसरं शिकलं ते पैशाचं. पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा ग्रामपंचायतीला यायचा त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांत बाकी सगळं. नरेगात मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६० ला ४० होतं, म्हणून नाला खोलीकरण, गाळ काढणं, बांध यांना मजुरी भरपूर लागायची आणि ती कामं सहज बसायची; सिमेंटचा रस्ता मागितला की साहित्याचा आकडा फुगायचा आणि काम अडायचं. आमची माणसं वर्षानुवर्षं पंचायतीत जाऊन "रस्ता द्या" म्हणत होती. रस्त्याच्या कडेची गटार मागितली असती तर तिला पैसा होता. आता आम्ही आधी गटार मागतो.

आणि कुठं मागायचं तेही. आधी वार्डसभा, तिथून यादी ग्रामसभेत, तिथून पंचायतीच्या वर्षाच्या आराखड्यात. ग्रामसभेला थेट उठून ओरडणाऱ्याचं काम "बघू" मध्ये जातं, कारण ते वार्डसभेच्या यादीत नसतं. वार्डसभेला मात्र कुत्रं फिरकत नाही. म्हणून मंडळ वार्डसभेच्या आधी पारावर बसतं आणि फक्त तीन कामं ठरवतं, क्रमानं. तीनच का, यावर दरवेळी भांडण होतं. पण वीस कामं लिहून दिली की निवडणारा दुसरा होतो.

यातूनच तांड्याशी जुळलं. त्याआधी आमचं आणि तांड्याचं बरं नव्हतं. पाण्याची मोठी लाइन गावापर्यंत आली आणि तांडा कोरडा राहिला, तेव्हा तांड्यावरचे लोक म्हणायचे गावानं आमचं पाणी अडवलं. अगदीच खोटं नव्हतं. मंडळातल्या एका हिशेबी माणसानं पारावर खडूनं आकडे मांडले: आपले चार, दोन्ही तांड्यांचे दोन, शेजारच्या छोट्या गावाचे तीन, झाले नऊ. सोळात नऊ म्हणजे बहुमत. पुढच्या आराखड्यात पहिलं काम तांड्याची टाकी, दुसरं आमची गटार, असं चारही वस्त्यांनी बसून ठरवलं. गावात काहींनी शिव्या घातल्या, "मंडळ आपलं हाय का तांड्याचं?" टाकी झाली. गटारही झाली, जरा उशिरा. तांड्यावरचे नाईक आता गणपतीच्या वर्गणीला पावती फाडतात. हे प्रेमानं झालं असं मी सांगत नाही, आकड्यांनी झालं. पण झालं.

फसलेलं एक काम सांगायलाच हवं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास दोन्ही घालवले, हे आमच्यातल्या एकानं पाहुण्यांकडं जाऊन डोळ्यांनी बघितलं. खड्ड्याच्या मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. सांडपाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत. आम्ही हौसेनं केले. वरच्या गल्लीत, जिथं दोन-तीन फुटांवर लाल मुरूम लागतो, तिथले आजही चालू आहेत. खालच्या गल्लीत काळी माती. काळी एकदा भिजली की फुगते आणि पाणी पुढं सोडत नाही. पहिल्याच पावसाळ्यात खड्डे भरून दारात डबकी झाली. मुरूम लागेपर्यंत खोल जायला पाहिजे होतं, नाहीतर तिथं खड्डे करायलाच नको होते. शेतकऱ्यांच्या गावाला काळी माती कशी वागते हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण पाहुण्याचं बघून केलं की आपली माती विसरायला होते.

आणि मंडळ एकदा मोडलंही. डिसेंबर २०२० ला पंचायतीच्या निवडणुका लागल्या. इथं ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण पक्ष असतातच. मंडळातले दोघं कार्यकर्ते एकाच जागेला समोरासमोर उभे राहिले. एकानं प्रचारात सांगितलं की गटार मी आणली. दुसऱ्यानं सांगितलं की वही माझ्याकडं आहे. पुढं बरेच महिने बैठक नाही, गणपतीही दोन बसले. पुन्हा जमलो तेव्हा एक नियम केला: ज्याला अर्ज भरायचा त्यानं भरावा, पण त्या दिवशी किल्ली आणि वही परत करायची. मला विचाराल तर नियम अपुरा आहे. निवडून आलेल्यानं पाच वर्षं मंडळात पद घेऊ नये असंही हवं होतं. ते मंजूर झालं नाही, कारण मग निवडून आलेल्याला मंडळाचं ऐकायची गरजच राहत नाही असं पुरुषांचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे.

एका गोष्टीनं बायकांचं वजन वाढलं, ती मंडळानं केलेली नाही. ११ जून २०२३ ला राज्यात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट माफ. योजनेवर टीका पुष्कळ झाली, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते हेही खरं. पण त्याआधी औरादला कचेरीत जायचं म्हणजे घरातल्या पुरुषाकडं पैसे मागायचे आणि त्यानं "तुला काय कळतं तिथलं" म्हणायचं. आता आम्ही चौघी-पाच जणी सकाळची बस धरतो. तिथला कारकून "नाळे बर्री", उद्या या, म्हणाला तर आम्ही उद्या जातो. परवाही जातो. फेऱ्या मारून माणूस कंटाळेल हा त्याचा हिशेब तिकिटावर चालत होता.

शिवाय 'सकाल' कायदा आहे, २०११ चा, २ एप्रिल २०१२ पासून लागू. ठराविक सेवांना ठराविक मुदत. अर्ज दिला की नंबराची पावती मिळते, मुदत चुकली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० पर्यंत भरपाई मागता येते. आम्ही ती भरपाई अजून कधी मागितलेली नाही. पावती मात्र घेतल्याशिवाय उठत नाही. सेक्रेटरीनं पोरींना शिकवलंय: साहेब चहा देतील, गोड बोलतील, तोंडी होकार देतील. सगळं घ्यायचं आणि मग पावती मागायची.

सध्या वहीत पहिल्या नंबरला स्मशानाची वाट आहे. स्मशान गावाचं, पण तिथं जायची पायवाट दोन शेतांतून जाते. पावसाळ्यात तूर उभी असली की मयत घेऊन बांधावरून चिखलात जावं लागतं. शेताचे मालक दोघंही मंडळाचे वर्गणीदार. एक म्हणतो वाट कागदावर आहे, दुसरा म्हणतो पहाणीत दाखवा. पहाणीत, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यात, ती नाही. जुन्या नकाशात असेल म्हणून मोजणीचा अर्ज दिलाय, पावती सेक्रेटरीकडं आहे. मोजणीदार येतील त्या दिवशी दोन्ही मालकांनी बांधावर हजर राहायचं, हे दोघांकडून वहीत लिहून घेतलंय. एकानं सही केली आहे, दुसरा म्हणाला सोयाबीन निघाल्यावर करतो. सोयाबीन निघून रान रिकामं झालंय. परवा मी आणि आशाताई वही घेऊन त्यांच्या घरी जाणार आहोत, संध्याकाळी सातच्या पुढं, जनावरं बांधून माणूस घरात टेकतो त्या वेळेला.